अनुनासिक

चारला सोडणार होते.
सकाळी सहाला उपाशीपोटी आलो होतो,
परतीच्या टॅक्सीचे तीन रियाल
वेगळे घडी करून खिशात.
नाकातलं हाड वाकडं, जन्माचं
की सातवीत लागलेल्या कुणाच्या कोपराचं, कोण जाणे.
पस्तीस मिनिटांत सरळ केलं म्हणाले.

तीनला ज्यूस प्यायलो. उभा राहिलो. पडलो नाही.
लघवी झाली, तीही लिहून घेतली.
मग सिस्टर लिसम्माचं पेन फॉर्मच्या तळाशी पोचलं:
"आज रात घर में कौन है?"

दोन्ही नाकपुड्यांत बोळे.
म्हणालो, "कोई दही."
ती म्हणाली, दही उद्या, आज आइस्क्रीम.

मग टोकनच्या पाठीवर लिहून दिलं:
रियाझ स्मेल्टरवर, रात्रपाळी.
सतीशन पासपोर्टच्या कामाला दुबईत.
तिसरी खाट रमजानपासून रिकामी,
तिच्यावर आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवतो.

डॉक्टर आले, बॅटरी मारून गेले.
नाक उत्तम आहे.
थांबायचं ते घरामुळे.

विम्याची मंजुरी फक्त दिवसाची होती.
मस्कतहून फोन आला, नाव विचारलं.
"बिलिद बडेरीकर."
पलीकडे बराच वेळ कीबोर्ड.
"बिल किसका?"

शेजारच्या खाटेवर लिवा गावचा म्हातारा, खमीस.
कानाचं ऑपरेशन, डोक्याला फेट्याएवढं बँडेज.
त्यालाही संध्याकाळी जायचं होतं,
पण मान वळवली की खोली फिरते, उलटी होते.
सहा मुलगे, थर्मास, खजूर, नातवंडांची चपलांची रांग.
वेळ संपल्यावर वॉचमननं त्यांना मोजून बाहेर काढलं.
त्याला हाक मारायची माझी सोय नव्हती.
माझ्या तोंडून खमीसचा खबीस झाला असता.

दिवे मंद झाल्यावर
उशीशी हळूच एकेक शब्द करून पाहिला.
चावी. खाट. घर. घर धड निघतं.
मी म्हटलं की बी.
आई अगदी सरळ येते.
तिला फोन केला नाही,
पुढच्या वाक्याचा भरवसा नव्हता.

तोंडानं श्वास घेत झोपणं म्हणजे
दार उघडं टाकून झोपणं.
जीभ वाळून चामडं. नाकाखालची पट्टी
पुन्हा पुन्हा चाचपायची: ओली? किती ओली?
बंदराच्या बाजूला कुठेतरी ट्रक मागे जात होता,
पीं पीं पीं, बराच वेळ.

दोनच्या सुमाराला खमीस उठून बसला
आणि खाट बुडत असल्यासारखा
लोखंडी कठड्याला बिलगला.
घंटा त्याच्या पाठीमागे पडलेली.
मी माझी दाबली.
लिसम्मा धावत आली ती माझ्याकडे,
आधी पट्टी बघितली, मग माझं बोट.

इंजेक्शनचा असर होईपर्यंत
त्यानं माझं मनगट सोडलं नाही.
त्याच्या चांगल्या कानाशी काही बोलावं असं वाटलं.
बोललो नाही.
माझ्या हाताचं रक्त थांबल्यासारखं झालं, मुंग्या आल्या,
तरी तसाच उभा, सलाइनचा स्टँड धरून.

सकाळी फॉर्म पुन्हा आला,
तोच, तळाशी तोच प्रश्न.
रियाझ पाळीवरून सुटून झोपला असणार, उचलत नव्हता.
मी खाटेच्या कडेला, बूट घालून.

खमीसच्या थोरल्यानं बापाच्या कागदावर सही केली,
मग हात पुढे करून माझाही कागद मागितला.
फलजला सोडतो म्हणाला, वाटेतच आहे.
वाटेत नाही ते. मला माहीत आहे.

सहीच्या शेजारी रकाना होता: रुग्णाशी नातं.
त्यानं थोडा विचार केला
आणि उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिलं.
मला वाचता येत नाही.
गाडीत विचारणार होतो,
पण नातं या शब्दातच न आहे.